नकाशावर वाघ नाही

३ नोव्हेंबर
बिबट्या मदत कक्षात मॅपिंग एक्स्पर्ट म्हणून रुजू. लोक फोन करणार, ऑपरेटर राखी नोंद भरणार, माझा नकाशा आपोआप रंगणार. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे खुशाल झोपा. पिंजरा कुठे लावायचा, टीम कुठे धाडायची, हे यापुढे नकाशा ठरवेल. माणसांवर सोडलं की जो जास्त ओरडेल त्याच्या उसात पिंजरा जातो.

५ नोव्हेंबर
डेटा फारच घाण. निम्मे लोक ‘वाघ आला’ म्हणतात. आपल्या भागात वाघ आहे कुठे? फिल्टर टाकला: ‘वाघ’ शब्द दिसला की नोंद बाद. राखी म्हणाली, सर, इथं बिबट्याला समदी वाघच म्हणत्यात. मीही इथल्याच अवसरी गावचा, पण हिंजवडीत दोन वर्षं काढल्यापासून म्हणत नाही.

७ नोव्हेंबर
नकाशा तयार! राजुरी हिरवीगार, ओतूर लालभडक. ओतूरची कॉलेजची पोरं व्हॉट्सॲपवर शुद्ध ‘बिबट्या’ लिहितात. शिल्लक होता तो एकमेव पिंजरा तिकडे रवाना. साहेब खूश. आपल्याला तर प्रमोशनच दिसतंय.

९ नोव्हेंबर
सासूबाईंचा राजुरीहून फोन. पावणं, वाघानं शेळी नेली, आमची तेजू अंगणात खेळती, पिंजरा धाडा. तेजू म्हणजे मेहुण्याची चार वर्षांची मुलगी. म्हटलं, आई, तुमचं गाव हिरवं आहे. वृषालीने संध्याकाळचा चहा दिला नाही. बायको रुसली म्हणून नकाशा बदलत नसतो.

१२ नोव्हेंबर
ओतूरच्या पिंजऱ्यात कुत्रं सापडलं. म्हणजे पिंजरा चालू आहे. नोंदी उघडल्या, तर सगळ्या पोरांनी एकच व्हिडिओ फॉरवर्ड केलेला. मागे नारळाच्या बागा आणि समुद्र. शुद्धलेखन मात्र निर्दोष.

१४ नोव्हेंबर
संकल्प: उद्या वृषालीला घेऊन राजुरीला जायचं. हिरव्या भागात माणूस किती निर्धास्त फिरतो, ते सासरच्यांना दाखवायचं.

१५ नोव्हेंबर, दिवस मावळताना
गोठ्याच्या पत्र्यावरून मोबाइलवर लिहितोय.
तेजूचं बोट धरून अंगणात फिरत होतो. उसातून तो बाहेर आला. तेजूला सासूबाईंनी उचललं. मला कुणी उचललं नाही, मीच चढलो. कक्षाला फोन लावून ओरडलो, राखी, वाघ! लई मोठा वाघ हाय! ती म्हणाली, सर, नोंद बाद झाली. टीमचं विचारलं, तर म्हणाली, गाव हिरवं दिसतंय.
खाली सासूबाई एका हाताने तेजूला कवटाळून दुसऱ्या हाताने पातेलं बडवत होत्या. थोड्या वेळाने वर बघून म्हणाल्या, उतरा पावणं, बिबट्या गेला.
शब्द अगदी शुद्ध.
शिडी मागितली. वृषाली म्हणाली, पिंजऱ्याबरोबर येईल.