सिंगापूरला नसलेलं जहाज

नायगाव, मुंबई
बुद्धपौर्णिमेनंतरचा बुधवार

आदरणीय दाजी यांस,

रामदासचा सप्रेम जयभीम. अक्कालाही माझा जयभीम सांगावा, पण हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये. का, ते पुढे येईलच.

तुमचा गुडघा कसा आहे? नवा चष्मा लागला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. फोन असताना हे पत्र का लिहितो असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुम्हाला फोनवर काहीही सांगितलं तरी तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि फोन अक्काकडे देता. तोफेने नेलेले कान परत येत नाहीत हे मला समजतं. पण मला जे सांगायचंय ते फक्त तुम्हाला सांगायचंय, आणि ‘बरं, बरं’ म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. शिवाय आता मला वेळ भरपूर आहे. चाळ जाऊन टॉवर आला, आम्ही तळमजल्यावरून सोळाव्या मजल्यावर गेलो, आणि आमच्या खिडकीतून शिवडीच्या पलीकडचा समुद्राचा एक तुकडा दिसतो. त्यात जहाजं उभी असतात. संध्याकाळी त्यांचे दिवे लागले की पाणी कुठे संपलं आणि आकाश कुठे सुरू झालं ते कळत नाही, आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहतो. (आमची सौ. वैशाली म्हणते, चाळीत होतास तेव्हा निदान येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडायचास तरी.)

तर मुद्द्याची गोष्ट. राकेशचं जहाज सिंगापूरला आहे असं मी तुम्हाला होळीच्या सुमारास सांगितलं होतं. ते सिंगापूरला नव्हतं. एक दिवसही नव्हतं. ते आखातात तेल भरून उभं होतं, आणि निघणार तेवढ्यात तिकडचं युद्ध पेटलं. आखातातून बाहेर पडायला समुद्राची एक अरुंद गल्ली आहे, तिला सामुद्रधुनी म्हणतात, आणि ती बंद झाली. शेकडो जहाजं आत अडकली. त्यातल्या एकावर तुमचा धाकटा मुलगा फिटर. ही बातमी मला आणि इकडे आमच्याकडेच राहणाऱ्या त्याच्या दर्शनाला एकाच वेळी कळली. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता गावाला फोन करू या. मी म्हणालो, थांब, सूनबाई, अक्काचं ब्लडप्रेशर आहे. आणि माझ्या तोंडून सिंगापूर निघालं. पुढे ते निभावायला मला फार कष्ट पडले. अक्का रोज विचारायची, तिकडे हवा कशी आहे. मग मी मोबाइलवर सिंगापूरचं हवामान बघून ठेवायचो. आज सिंगापूरबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं तिथे जन्मलेल्यालाही नसेल.

एकदा खोटं बोललो, आता निदान युद्ध तरी नीट समजून घ्यावं असं मला वाटलं. फाइव्ह गार्डनच्या बाकावर सकाळी माटुंग्याचे हेरंबराव येतात. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, बोलणं एकदम पुणेरी. त्यांनी मला युद्धाची शिडी समजावली. आधी धमकी, मग एखादा लहान हल्ला, मग जहाज अडवणं, मग पाण्यात सुरुंग, मग जहाजावर मारा, मग तेलाच्या टाक्या, अशी ती वर वर जाते. प्रत्येक बाजूला वाटतं, आपण आणखी एक पायरी चढलो की समोरचा घाबरून उतरेल. समोरच्यालाही तेच वाटतं. आणि वर गेल्यावर उतरायचं म्हटलं तर घरच्यांना दाखवायला तोंड लागतं, ते कुणाकडे नसतं. त्यांनी अकरा पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. अकराव्या पायरीपुढे काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं, यानंतर? ते म्हणाले, “वस्तुतः यानंतर भूगोल शिल्लक राहत नाही.”

मला ते पटलं नाही. मी पाणीखात्यात चौतीस वर्षं चावी फिरवली आहे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्यावरची लांब चावी आत उतरवायची, आटे मोजून फिरवायचे आणि एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीचं सोडायचं. सामुद्रधुनी म्हणजे दुसरं काय आहे? मी हेरंबरावांना परळची गोष्ट सांगितली. नव्वद साली पावसात भिजलेली एक चिठ्ठी आली, तिच्यावरच्या सहाचा मी नऊ वाचला आणि भलत्याच गल्लीचं पाणी तोडलं. त्या गल्लीला वाटलं, शेजारच्या गल्लीने साहेबाला गाठून पाणी चोरलं. दुपारी हंडे रस्त्यात आले. चारला कुणीतरी कुणाच्या तरी पाइपात दगड कोंबला. संध्याकाळपर्यंत दोन जमलेली लग्नं मोडली होती, आणि तोवर मी चूक सुधारून घरी येऊन भाकरी खात होतो. भांडण कुणालाच नको होतं. मोठी युद्धं पायऱ्या मोजून चढत नाहीत, हेरंबराव, कुणीतरी सहाचा नऊ वाचतं, एवढंच मी म्हणालो. ते म्हणाले की हे शिडीपेक्षा जास्त भीतिदायक आहे, आणि त्या दिवशी आम्ही दोघेही नेहमीपेक्षा लवकर घरी गेलो.

घरी मी जेवणाच्या टेबलावर आखात मांडलं होतं. एका बाजूचं आरमार राजम्याचं, दुसऱ्याचं काळ्या वाटाण्यांचं, अडकलेली जहाजं म्हणजे शेंगदाणे. राकेशचं जहाज म्हणजे एक बदाम. रोज सकाळी बातम्या बघून मी त्यांना हलवायचो. एकदा दुपारी पडून उठलो तर टेबल स्वच्छ. वैशालीने दोन्ही आरमारं एकाच पातेल्यात भिजत घातली होती. (तिची उसळ चांगली झाली होती हे मान्य करायला हवं. दोन्ही बाजू इतक्या गुण्यागोविंदाने मी कुठे नांदताना पाहिल्या नव्हत्या.) बदाम तेवढा तिने बाजूला काढून बुद्धांच्या मूर्तीपाशी ठेवला होता.

आता जे घडलं त्याचा दोष माझा. हेरंबरावांचा अकरा पायऱ्यांचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता आणि एकेक पायरी झाली की पेनाने खूण करायचो. दर्शना तुम्हाला माहीत आहे, कमी बोलते. दादरला चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावते. ती माझा कागद वाचत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाचव्या पायरीवर खूण झाली, म्हणजे जहाजांवर मारा सुरू झाला, त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं. पुढच्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवून दिली. ते गृहस्थ दोन दिवस जिन्यावर पाय चाचपत फिरले आणि मग चष्मा हातात घेऊन दुकानात आले. मालक तिला रागावला नाही, चार दिवस घरी राहा म्हणाला. ते तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्या संध्याकाळी वैशालीने मला दर्शनाचा मोबाइल दाखवला. त्यात माझ्या कागदाचा फोटो होता, रोजचा एक, तारखेसकट.

“तुझी लढाई ती एकटी लढतेय,” वैशाली म्हणाली. कागद मी काढला. पण तोवर राकेशचा फोन यायचा बंद झाला होता. एक दिवस, दोन, चार. जहाज कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप असतं. दर्शनाने ते उघडलं तर जहाज समुद्रातच नाही. ते वाळवंटात गोल गोल फिरत होतं. मी खरं कारण शोधून काढलं, तिकडे लढणारे लोक उपग्रहाचे सिग्नल बिघडवतात, त्यामुळे जहाजं भलतीकडे दिसतात. मी ते तिला तीनदा समजावलं. वैशाली भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “वाळूत आहे ना? मग बुडणार तरी नाही.” दर्शनाच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. माझ्या सगळ्या अभ्यासाने जे झालं नव्हतं ते.

त्या रविवारी दुपारी खिडकीपाशी माझा डोळा लागला. पंखा चालू होता, खाली कुणाच्या तरी घरी कुकर शिट्ट्या देत होता, आणि मला दिसलं की मी खांद्यावर चावी घेऊन गुडघाभर पाण्यातून चाललोय. पाणी कोमट होतं, आपल्या गावच्या खाडीसारखं. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मागे जहाजं ओळीने थांबलेली, नळावर हंडे थांबतात तशी, कुणी गडबड करत नव्हतं. समुद्राच्या तळाशी ते झाकण मला पायाला लागलं. मी ते उचललं, चावी उतरवली. सगळी जहाजं माझ्याकडे बघत होती. आणि दाजी, चौतीस वर्षं नोकरी केलेला मी, मला आठवेना की उघडायला कुठल्या बाजूने फिरवतात. डावीकडे की उजवीकडे? एका बाजूला फिरवलं तर गल्ली उघडेल, दुसऱ्या बाजूला फिरवलं तर कायमची बंद. मी चावी धरून तसाच उभा राहिलो. भीती वाटत नव्हती, याचंच मला नवल वाटत होतं. फक्त पाणी हळूहळू कमरेला येत होतं आणि दूरवर कुणीतरी आकडे मोजत होतं.

जाग आली तेव्हा दर्शना समोरच्या खुर्चीवर बसली होती. कधीपासून, माहीत नाही. तिने विचारलं, “मामा, खरं सांगा. तुम्हाला यातलं किती कळतं?”

मी म्हणालो, “पाण्यातलं कळतं. तेही पाइपातल्या.”

ती हसली. मग म्हणाली, “मग एवढं रोज का बोलता?”

मी म्हणालो, “गप्प बसलो की तो डोळ्यांपुढे येतो.”

“माझ्याही,” ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ शिवडीकडच्या जहाजांकडे बघत बसलो, आणि वैशालीने न विचारता चहा आणून ठेवला. त्या दिवशी दर्शना पोटभर जेवली. मी युद्धाबद्दल एक शब्द बोललो नाही. (बातम्या बघितल्या, पण आवाज बंद करून.)

आता तुमचा जीव टांगणीला ठेवत नाही. राकेश सोमवारी घरी आला. धडधाकट आहे. एका पहाटे काही जहाजांना एकामागून एक बाहेर सोडलं, त्यात त्यांचं होतं. बाहेरच्या बंदरावर उतरल्यावर त्याने फोन केला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर “मामा, वीस दिवस कांदा नव्हता.” मी त्याला विचारलं की पाचव्या पायरीला तुमच्याकडे काय परिस्थिती होती. त्याला पायऱ्या माहीतच नव्हत्या. ते गंज खरवडत होते. रोज उजाडलं की गंज, जेवण, पुन्हा गंज. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली, आणि ती तुमची आहे म्हणून लिहितो. क्षितिजावर लखलखाट व्हायचा तेव्हा तो मोजायचा. लहानपणी तुम्ही अंगणात त्याला शिकवलं होतं, उजेड दिसला की मोजायला लागायचं आणि आवाज आला की थांबायचं, आकडा मोठा तर तोफ लांब. त्याने ते बाकीच्यांना शिकवलं. मग बंगाली, मल्याळी, फिलिपिनो अशी बावीस माणसं डेकवर बसून मराठीत एक, दोन, तीन म्हणत होती. तीसच्या खाली आकडा कधीच आला नाही, तो म्हणतो. तुम्ही बावीस वर्षं सरहद्दीवर तोफेशेजारी उभे होतात आणि विचारलं तर एवढंच सांगता की थंडी फार होती. पण त्या बोटीवर लोकांना झोप लागली ती तुमच्यामुळे.

तो आल्याबरोबर चौदा तास झोपला. आता खिडकीत बसलाय आणि लांबूनच कुठलं जहाज रिकामं, कुठलं भरलेलं ते दर्शनाला सांगतोय. तिला त्यातलं काही ऐकू येत असेल असं वाटत नाही. ती त्याच्याकडेच बघतेय.

अक्काची तब्येत सांभाळा, स्वतःचीही. वैशालीचा तुम्हां दोघांना जयभीम. खोटं बोललो ते लहान समजून पोटात घाला, वयाने बासष्टचा असलो तरी तुमच्या घरात मी धाकटाच आहे.

आपला,
रामदास

ता. क. – आता खरी विनंती. राकेश आणि दर्शना रविवारी गावाला येतायत. हे पत्र त्याआधी तुम्हाला मिळावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतोय. अक्काला तुम्हीच आधी सांगा, हळूहळू, बसवून. रागवायचं ते मला रागवा. दर्शना पहिल्या दिवसापासून सांगू या म्हणत होती, अडवलं मी.

ता. क. २ – पाकीट चिकटवायच्या आत वैशालीने पत्र वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अक्काला दुसऱ्या दिवसापासून सगळं माहीत होतं. दर्शना रोज सकाळी दुकानात जाताना तिला फोन करायची, आणि त्या दोघी एकमेकींना धीर द्यायच्या. मग अक्का रोज मला सिंगापूरची हवा का विचारत होती? तर म्हणे, “रामदासला बोलू दे, त्याला तेवढाच आधार वाटतो.” म्हणजे दोन महिने मी जिला सांभाळत होतो ती मला सांभाळत होती. वैशालीलाही हे माहीत होतं. पत्र फाडणार होतो, पण एवढं लिहिलंय म्हणून पाठवतो.

ता. क. ३ – दाजी, तुम्हालाही माहीत होतं का? असलं तर कृपा करून कळवू नका. या घरात माझ्यासारखा आणखी एक तरी असू द्या.