बाबांचा उजवा जोडा

रविवार, १२ नोव्हेंबर २००६, नालवाडी

विहारात आज मीच बाबांना म्हणालो, "जोडा काढा." लकवा झाल्यापासून त्यांचा उजवा पाय घासतो. दवाखान्यातून मिळालेलं यंत्र गुडघ्याखाली बांधलं, की टाच उचलताच हलका करंट बसतो अन् पंजा वर येतो. पण त्याचं बटण जोड्यात, टाचेखाली. मला हे ठाऊक नव्हतं का? रोज सकाळी मीच तर बांधून देतो!

वंदनेला आलेल्या शेवंताकाकू म्हणाल्याही, "राहू दे ना बाप्पा, त्याईले काऊन तरास देऊन राह्यला?" तरी मी ऐकलं नाही. सगळे अनवाणी अन् माझाच बाप जोड्यानिशी आत? लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात.

बाबांनी जोडा काढला. चौथ्या पावलाला पंजा सतरंजीत अडकला अन् ते सगळ्यांसमोर गुडघ्यांवर पडले. वर मलाच म्हणाले, "काई नाई झालं."

घरात ते जोडा घालूनच फिरतात, मीच तसं सांगितलेलं. आज मात्र त्यांनी तो दाराबाहेर काढला अन् भिंत धरत आत गेले. जोडा उचलून आणलाय मी. पण घाला म्हणायला तोंड कुठंय?