पोटातलं पाणी हलणार नाही

१४ सप्टेंबर, रविवार
गाडी आली! लाल, जपानी, दोन दारांची. वयाने आमच्या निवेदितापेक्षा मोठी. भोकरदनात अशी दुसरी नाही. डॅशबोर्डवर एक बटण आहे. 'स्पोर्ट' दाबलं की सस्पेन्शन कडक, 'टूर' दाबलं की मऊ. सध्या काहीही दाबा, कडकच. किरकोळ काम. दसऱ्याच्या आत उरकतो.
निवेदिताला लहानपणापासून गाडी लागते. लग्न २३ नोव्हेंबरला, सासर मंठ्याचं, रस्ता हा असा. जाहीर केलं: पाठवणी याच गाडीतून, टूरवर. पोटातलं पाणी हलणार नाही. ती हसली. आनंदानेच.

२१ सप्टेंबर
इंद्रायणीला घेऊन पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेलो. येताना ती एसटीने आली. म्हणाली, कंबर जागेवर न्हाई राह्यली माझी. बायकोला स्पोर्ट्स कारची सवय नाही.

२४ सप्टेंबर
कडूबा मिस्त्रीला दाखवली. ट्रॅक्टर, जीप, सगळं करतो. बटण दाबलं, वाकून पाहिलं, परत दाबलं. म्हणाला, साहेब, हे करंटचं लफडं काढून फेका, जीपचे शॉकअप टाकून देतो, बिलकुल टेन्शन न्हाई. जीपचे! चहा अर्धा टाकून उठलो. स्वतः करणार. रोज ऑफिसातून आल्यावर एक तास.

२५ सप्टेंबर
पाहुणे आले.

२६ सप्टेंबर
पाहुणे गेले. दमलो.

२८ सप्टेंबर
इंटरनेटवर सगळं आहे. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक छोटी मोटर. ती दांडी फिरवते, आतलं तेल जायचं भोक लहानमोठं होतं. झालं! चारही मोटरी उघडल्या. एकीतली स्प्रिंग उडून शेजारच्या अप्पारावांच्या तुरीत गेली. शोधली, मिळाली नाही. बॉलपेनातली घातली. बराबर बसली.

१ ऑक्टोबर
टूर! चारही मोटरी फिरल्या. गल्लीत फेरी मारली, खड्डा कळला नाही. इंद्रायणीच्या हातात भरलेला पेला दिला होता, थेंब सांडला नाही. निवेदिता म्हणाली, बाबा, खरंच जमवलं की तुम्ही! असं ती किती वर्षांत म्हणाली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. तेल गेलं असणार.

२ ऑक्टोबर, दसरा
लोक बंद बॉनेटवर स्वस्तिक काढतात. पण काम आत झालंय, मग पूजा बाहेर कशाला? बॉनेट उघडलं. पुढच्या दोन्ही मोटरींना हळदकुंकू. चाकांखाली लिंबं. नारळ फोडला. लोक पाणी नुसतं शिंपडतात. मी मन मोठं केलं. अर्धं डाव्या मोटरीवर, अर्धं उजव्या. बटण दाबलं. बारीक धूर निघाला. इंद्रायणी म्हणाली, अजून ऊद लावलाच न्हाई, मंग धूर कशाचा? शुभशकुन.

५ ऑक्टोबर
पुढची चाकं कडक, मागची मऊ. गाडी पुढून आपटते, मागून डुलते. मलाच मळमळलं. नारळाचं पाणी वाळलं की सुरू होईल.

९ नोव्हेंबर
वाळलं. सुरू झालं नाही. कडूबा आपणहून आला. म्हणाला, अजून टाइम हाय साहेब, जीपचे टाकू. हाकलला. लग्नाला मात्र बोलावलंय.
निवेदिता म्हणाली, गाडी राहू द्या बाबा, मी राधेश्याममामाच्या बोलेरोत जाईन. त्या दिवशी तुम्ही तेवढे जवळ राहा. बिचारी! माझी निराशा होऊ नये म्हणून बोलते. आता तर करणारच.

२३ नोव्हेंबर, सकाळी
गाडी फुलांनी सजवली. मंगल कार्यालयाच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला खालून घासली, मागच्या दोन्ही मोटरींची वायर लोंबतेय. आता चारही कडक. पण पाठवणीला अवकाश आहे. पाच मिनिटांचं काम.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी
अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि मी गाडीखाली शिरलो. बाहेर फक्त पाय. बँड वाजत होता. रडारड ऐकू येत होती. कोणीतरी सारखं हाका मारत होतं, पण वायर दातांत धरलेली, ओ कशी देणार? मग कोणीतरी माझ्या पायांना हात लावला. हा कडूबा. वायर काढून ओरडलो, पाय काय धरतोस, दहाचा पाना दे आणि बाजूला हो. हात जरा वेळ तिथेच राहिला. मग पान्यांची पेटी वाजली, पाना आत सरकला.
वायर जोडून बाहेर आलो तर मांडवात खुर्च्या उचलून राह्यले होते. बोलेरो गेलेली. वरात हलली, मुलीच्या बापाला सांगायची पद्धत नाही? कडूबाला झापलं. तो म्हणाला, मी तर पंगतीत होतो साहेब, तुमच्याकडं आल्तोच न्हाई.
असेल दुसरं कोणी.

२४ नोव्हेंबर
मंठ्याहून निवेदिताचा फोन. इंद्रायणीने स्पीकरवर घेतला. सुखरूप पोचली. बोलेरोत गाडी लागली नाही. पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही, म्हणाली.
फोन ठेवताना निवेदिताने विचारलं, बाबांना पाना तोच हवा होता ना?
इंद्रायणी माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. नंतर न्हाणीत जाऊन खूप रडलो.
गाडीवरची फुलं अजून तशीच आहेत.