पाठीला पाठ

१८ जानेवारी
तिसरी डबीही रिकामी. चौथी, पाचवीही. कागद जागेवर, पुस्तिका जागेवर, क्रम माझाच. आत सीडी नाही.
वहिनीला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, तुमच्या दादालेच विचारा, वावरात आहेत.

१९ जानेवारी
जैनथच्या शिवारात आमची ज्वारी दुधात आली आहे. चारी बाजूंनी बांबू, त्यांवर माझ्या सीड्या. वाऱ्याने फिरतात, राघू बसत नाहीत. दादाने दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवल्यात. ट्यूबच्या पंक्चरचं सोल्यूशन. दोन्हीकडून चमकाव्या म्हणून.
"चमकते ते बाजू सांभाळली म्या. एक खरोडा नाही. डब्या तं उघडून जशाच्या तशा ठेवल्या. तुले कागदच आवडते न?"
आल्या-गेल्याला मी कागदच दाखवत आलो. छपाई, डबीच्या कण्यावरची अक्षरं, पहिली आवृत्ती. दादा ऐकत असे.
गाणं चमकत्या बाजूला नसतं. छापील बाजूच्या पातळ थराखाली असतं. हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

२० जा.
ज्यांच्याकडे गाणं शिकलो त्या गुरुजींची सीडी सापडली. आतल्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून. मागे दुसरी कुठलीतरी. सोल्यूशन सुकलंय. पात्याने कडेला जरा उचकटलं, चंदेरी पापुद्रा निघाला. थांबलो.
गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या आवृत्तीत भैरवी गाळली. पहिलीची दुसरी प्रत आमच्या माहितीत नाही. माझा गुरुबंधू मोहन, त्याने नागपूरहून तीनदा मागितली, नक्कल करून ठेवू म्हणाला. बोटं लागतील म्हणून दिली नाही. यंदा हो म्हटलं. रविवारी येतोय.

२१ जा.
बाकीच्या उतरवल्या नाहीत. कशाला.
दादा जेवताना: "कवा आयकली होती रे शेवटची?"
आठवलं नाही. प्लेअरचा खण दोन वर्षं उघडत नाही. पुस्तिका मात्र दिवाळीत पुसली होती.

२३ जा.
मोहनचा फोन. प्लेअर बांधून घेतलाय, पहिल्यांदा भैरवीच लावू. मी म्हटलं, ये. बाकी बोललो नाही.

२५ जा., रविवार
मोहनने गुरुजींच्या सीडीचं पाकीट आधी पाहिलं. पुठ्ठा, घडी, गुरुजींची सही. नाकाला लावून वास घेतला. अर्धा तास. मीही असाच दिसत असेन.
मग हात पुढे केला. जोडी दिली. त्याने ती खणात ठेवून पाहिली. जाड. खण मिटेना.
"तुला तीनदा मागितली होती मी," एवढंच म्हणाला.
दादाला वाईट वाटलं असावं. मोहनच्या ताटात स्वतः भाकर वाढली, म्हणाला, "तुमच्याकडं जुन्या असन तं पाठवा. खालचा धुरा उघडाच हाये."
मोहन हसला नाही. नागपुरात एक माणूस आहे, थर वेगळे करून पाहतो, म्हणाला. निघतील असं म्हणाला नाही.

२६ जा.
सकाळच्या पहिल्या बसने मोहन गेला. सीडी टॉवेलात गुंडाळून नेली. पाकीट माझ्याकडे ठेवलं. खालच्या धुऱ्यावर, त्या उघड्या बांधाशी, राघू उतरले होते. कपाटात शिल्लक राहिलेल्या दोन सीड्या काढल्या, चिकटवल्या, बांधून आलो.