देवदूताच्या खालचा डोळा

मंगळ. ३ ऑक्टो. २००६
कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या भिंतीला स्कॅफोल्ड लागलं. भिंतीवर रंगवलेल्या देवदूताच्या पंखाशी ओल आलीय, रंगाचे पोपडे सुटतायत. चिकटवायला एक उचलला, तर मागे चुना. चुन्यामागे लाल रेघ. हेलनला वर बोलावलं. बॉस असून धडाधड चढून आली. भिंग लावून पाहिलं, म्हणाली मध्ययुगीन. लंच राहूनच गेलं.

गुरु. ५ ऑक्टो.
टेस्ट म्हणून छोटा चौकोन उघडला. डोळा. खाली झुकलेला, पापणीची एकच रेघ, काय हात होता त्या माणसाचा! दारावरच्या संतांचे चेहरे सोळाव्या शतकात मूर्तिभंजकांनी छिन्नीने उडवले, हा चुना फासला म्हणून वाचला. अख्खं चित्र हवं तर वरचा देवदूत खरवडावा लागेल. व्हिक्टोरियन आहे, सव्वाशेच वर्षांचा, रंग इतका पातळ की सोलून वेगळा ठेवता येणार नाही. हेलनचं मत, काढू या. माझंही. दोघींनी आपापलं लेखी द्यायचं, ठरवणार कॅथीड्रलची कमिटी.

सोम. ९ ऑक्टो.
बाबा नागपूरहून आल्यापासून घरी कंटाळतात, म्हणून सोबत नेलं. ड्रॉइंग मास्तर होते. आयुष्यात देवळाची पायरी चढले नाहीत, इथे दिवसभर कमानी काढत बसले. बाकावर शेजारी मार्गारेट, ऐंशीच्या पुढची, रोज येणारी. एकमेकांचं इंग्लिश निम्मं कळतं, तरी तिच्या फ्लास्कमधला चहा दोघांत. बाबांनीच बातमी आणली. देवदूत तिच्या पणजोबांनी रंगवलाय. चेहरा त्यांच्या मुलीचा, म्हणजे मार्गारेटच्या आजीचा. आजीचा फोटो एकही नाही.

गुरु. १२ ऑक्टो.
बसमध्ये बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, चित्रकार माणूस, माझ्या बाजूने बोलेल.
"खालचं जुनं, म्हणून ते मोठं? हे कोणी ठरवलं?"
मी म्हटलं, जुनं म्हणून नाही, चांगलं म्हणून. तो डोळा बघा एकदा. त्यांनी वही उघडून अर्धी राहिलेली कमान पुरी करायला घेतली.

शुक्र. १३ ऑक्टो.
आज वर बसून फक्त देवदूताचा चेहरा पाहिला. इतके दिवस पंखातच गुंतले होते. चित्र साधारण, हात तर चुकलेलेच. पण डाव्या भुवईत बारीक व्रण काढलाय, त्या मुलीचाच असणार. खालून कुणाला दिसणार नाही, तरी काढलाय.
संध्याकाळी मत लिहिलं: देवदूत राहावा, ओल थांबवावी, चौकोन झाकावा. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

मंगळ. १७ ऑक्टो.
हेलन रागावली नाही. म्हणाली, तुझं चुकतंय, पण दोन्ही मतं पाठवू. दुपारी मार्गारेटजवळ जाऊन बसले. आमच्याकडूनच कळावं असं वाटलं. खाली काय सापडलंय, हेलन काय म्हणते, मी काय लिहिलं, सगळं सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं,
"ते खालचं सुंदर आहे का?"
खोटं बोलवेना. हो म्हटलं.
तिने फ्लास्कचं झाकण घट्ट लावलं.
"मग मला ते बघायचंय."
चौकोनापुरतं की देवदूत काढून सगळं, हे विचारायचं धाडस झालं नाही. कमिटी महिनाअखेर.