आली तशी चढवली

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, ताईचं डोकं फिरलं की काय, या जमान्यात हाताने पानं लिहीत बसलीय. पण तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, आणि आईकडून निरोप पाठवावा तर तिच्या तोंडून तुझ्या कानापर्यंत जाईस्तोवर त्याचं भलतंच काहीतरी होतं. मागे मी 'तब्येतीकडे बघ' म्हटलं होतं, ते तुला 'ताई म्हणते, फार सुटलीस' असं पोचलं म्हणे. मला खूप हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण तुला ते खरं वाटलं होतं. तेव्हा हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

आई बरी आहे. काठी टेकत जिना उतरते, खालच्या बाकावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की धाकटी मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. तू औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असतेस हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी सांगते. मी शेजारी उभी राहून मान डोलावते. माझं म्हणशील तर लायब्ररी, घर आणि गुडघे. माझं ते खिडकीजवळचं टेबल अजून तिथेच आहे, 'संशोधकांसाठी मदत' ही पाटीही. समोरच्या डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली तू पुठ्ठ्याची घडी घातली होतीस ना, तीही तशीच आहे. झाडूवाली दोनदा काढायला निघाली, मी तिच्यावर खेकसले.

लोक अजून येतात. काखेत लेख, चेहरा पडलेला, आणि विचारतात, हा कुठे छापून येईल? त्यातले निम्मे तर कुणीतरी शेंडी लावल्यावरच येतात. 'आपला थोर लेख आम्ही तीन दिवसांत छापू' असा मेल आला की माणसं विरघळतात. मी प्रत्येक जर्नलची उलटतपासणी घेते हे तू पाहिलं आहेस. संपादक मंडळावरच्या माणसांना मी फोन लावते. एकदा एका प्राध्यापकांच्या घरी लावला तर त्यांची बायको म्हणाली, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. जर्नलवाल्यांच्या लेखी ते अजून लेख तपासत होते! असं काही सापडलं की मी आठवडाभर नाक वर करून फिरायचे. माझ्या हातून चूक होत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे. तू हसून म्हणायचीस, ताई नाकाने कांदे सोलते.

तुझा लेख घेऊन तू आलीस तो दिवस मला नीट आठवतो. चार वर्षं तू त्या दगड कापायच्या कारखान्यांच्या वस्तीत फुंकायचं यंत्र घेऊन फिरत होतीस. एकसष्ट कामगार. स्वयंपाकघरातले गुळगुळीत ओटे घडवणारी माणसं, आणि त्या धुळीने दगडासारखी झालेली त्यांची फुप्फुसं. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही असा शब्द तू प्रत्येकाला दिला होतास, म्हणून घरीसुद्धा तू आकडेच बोलायचीस. आज बाराने फुंकलं नाही, चाळीसचं वजन उतरलंय. आईला ती सगळी नंबरांनी पाठ होती. पण सत्तावीस नंबर आमचा लाडका. पॉलिशवाले काका. त्यांनीच घरोघरी जाऊन बाकीच्यांना तयार केलं, आणि त्यांनीच तुला विचारलं होतं, "ताई, छापून आलं की आम्हाला वाचता येईल ना?" तुझे साहेब ज्या नामांकित जर्नलचं नाव घेऊन बसले होते, त्यातला एक लेख उघडायला काकांचा आठवड्याचा पगार गेला असता. तू साहेबांशी भांडलीस आणि तडक माझ्या टेबलाशी आलीस. म्हणालीस, कुणालाही फुकट वाचता येईल असं शोध, माझ्याकडूनही छापायचे पैसे मागणार नाही असं शोध, आणि कुणी नाव ठेवणार नाही असं शोध. मी म्हटलं, बये, आणखी काही? पण मी शोधलं. अकरा जर्नलं काढली. तीन बनावट, चारांचा विषय वेगळा, दोनांची फी अवाच्या सवा, एक वर्षभर बंद पडलेलं. उरलं ते एक. त्यांनी तुझा लेख पाच महिने चाळणीतून काढला आणि घेतला. त्या दिवशी तू मला उचलायला गेलीस आणि दोघी पुस्तकांच्या ढकलगाडीवर आदळलो.

त्यांची एकच अट होती, लेखाबरोबर मोजमापांचा तक्ताही सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. ते पत्र आलं त्याच आठवड्यात आई पडली. तू दवाखान्याच्या बाकावर तीन दिवस बसून होतीस, तिथूनच फाइल मला पाठवलीस आणि मी ती चढवली.

पुढचं तुला मी काय सांगायचं. लेख आला, काकांनी फोनवर उघडून वस्तीत सगळ्यांना दाखवला, तू पंधरा दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होतीस. मग कारखान्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी तो तक्ता उतरवून घेतला. नावं आणि घरनंबर आत होते, वर दिसत नव्हते एवढंच. एका आठवड्यात एकोणीस जणांना काढलं. तुझेच आकडे समोर ठेवून, की तुमची छाती काम करण्याजोगी राहिलेली नाही. तू वस्तीत गेलीस तेव्हा चाळीस नंबरच्या बायकोने तुझ्या तोंडावर दार लावलं. जर्नलने लेख काढून ठेवला. चौकशी समिती बसली. तिच्यापुढे तू एकच वाक्य बोललीस, "चूक माझी आहे." तुझं काम बंद झालं, तिथली कामाची खोली गेली, आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन तूही गेलीस.

काका गेले, हे तुला आईने सांगितलंच असेल. हिवाळ्यात. नोकरी गेली तसा कारखान्याचा दवाखानाही बंद झाला होता. शेवटी पलंगावर आडवं होता येत नव्हतं, खुर्चीत बसूनच झोपायचे. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. गेल्या मंगळवारी ती लायब्ररीत आली, पाटी वाचून माझ्यासमोर त्या खुर्चीत बसली. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. बारा घरांनी मिळून नुकसानभरपाईचा दावा लावलाय. वकील म्हणतात, धुळीने छाती गेली हे सिद्ध करणारा या भागात एकच लेख आहे, पण त्याच्या जागी 'काढून टाकला आहे' एवढीच ओळ दिसते, आणि काढलेला लेख कुणी पुरावा म्हणून धरत नाही. पुरावे द्यायची शेवटची तारीख या महिनाअखेरची. तिने पिशवीतून वडिलांचा फोन काढला. त्यात लेखाच्या पहिल्या पानाचा फोटो होता. मला म्हणाली, "बाबा यात आहेत. परत कुठे मिळेल का हो हा?"

ठमे, तीस वर्षं मी लोकांना लेख शोधून देतेय. मी उठून पाणी आणायला म्हणून गेले आणि मागच्या कपाटांच्या आड भिंतीला टेकून उभी राहिले. मग मी जर्नलच्या संपादकांना लिहिलं. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. लेखातल्या एका ओळीवरही त्यांचा आक्षेप नाही. त्यांनी तुला पाच पत्रं पाठवली होती, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. तो तक्ता तसा कसा चढला, हे ज्याच्या हातून झालं त्याने सही करून कळवावं आणि लेखिकेने स्वच्छ तक्ता द्यावा, लेख आठवड्यात परत लागेल. इतकी साधी गोष्ट, आणि ती दीड वर्ष अडून राहिली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. त्या दुपारी तू दवाखान्यातून मला फोन केला होतास. मागे आई कण्हत होती, नर्स तुला हाक मारत होती. तू म्हणालीस, "ताई, पहिले दोन रकाने काढून टाक आणि मग चढव." तू सांगितलं होतंस. ऐकतेयस ना? तू सांगितलं होतंस. मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. मग एकसष्ट ओळी लेखातल्या आकड्यांशी जुळवायला बसले, एखादी ओळ चुकली तर नावावरून सापडेल, तेव्हा जुळवून झालं की ते रकाने काढू म्हटलं, आणि तोवर पडद्यावर मावेनात म्हणून नुसते झाकले. जुळवणी संपली तेव्हा पाच वाजत आले होते, मला तुला डबा घेऊन यायचं होतं. पडद्यावर नावं दिसत नव्हती. मी वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि फाइल चढवली. आणि गवगवा झाल्यावर तू जिन्यात मला गाठून विचारलंस, मी तुला रकाने काढायला सांगितलं होतं ना गं, की माझं राहूनच गेलं? तीन दिवस न झोपलेली तू, तुला खरंच आठवत नव्हतं. तुझ्या डोळ्यांत मी ते पाहिलं. आणि म्हटलं, "मला नाही आठवत बाई. आली तशी चढवली." तू मान हलवलीस, त्याच पायरीवर बसलीस, आणि पुढे समितीपुढे जे बोललीस ते बोललीस. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर तुझी पर्स सांभाळत बसले होते. आत येऊन दोन वाक्यं बोलायची होती फक्त. मला माझ्या टेबलाची भीती वाटली. त्या पाटीची. ताई चुकली असं लोक म्हणतील याची.

वहीचं ते पान मी फाडलं नव्हतं. का, ते विचारू नकोस, धाडस म्हणून तर नक्कीच नाही. काल ते पान आणि सही केलेला जबाब जर्नलला, तुझ्या जुन्या समितीला आणि काकांच्या मुलीच्या वकिलांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. तिला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही. आईला आज सकाळी सांगितलं. तेव्हापासून ती बाकावर उतरलेली नाही. पाटी बहुतेक या आठवड्यात निघेल. तू माफ करावंस असं मी मागत नाही, मागायला तोंडही नाही मला. मागायचं आहे ते एकच. तक्ता तुझ्याकडे आहे, महिना संपायला अकरा दिवस आहेत, संपादकांचा पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. पहिले दोन रकाने काढ, सत्तावीस नंबरची ओळ एकदा नीट बघ, आणि या वेळी फाइल माझ्याकडे पाठवू नकोस. तुझ्या हाताने चढव.

तुझीच,
ताई