पाठीने उचललेला पेला

ती. ताईस,

धाकट्याचा एका हाताने नमस्कार (दुसरा सध्या रजेवर आहे). तुझा दमा आणि भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळव. भाऊजींना म्हणावं, गुडघा रोज चोळा आणि तुझ्यावर ओरडणं कमी करा, म्हणजे दमाही बरा होईल. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझी कात्री घरच्यांनी लपवली आहे.

तो अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला चार महिने झाले. पाय ताळ्यावर आला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी आली (तुझ्या भावजयीच्या मते तिला जरा उशीर झाला असता तरी चाललं असतं), पण उजवा हात अजून मनाचा राजा आहे. बोटं उघडतात ती त्यांच्या सवडीने. दुकान उघडून कापड बेतायला घेतो म्हटलं, तर हिने मोठी कात्री कुठेतरी दडवली आणि फर्मान काढलं, हाताचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत मिळायची नाही. चाळीस वर्षं जिच्यावर घर चाललं ती कात्री माझ्यापासून लपवतात, ताई. विचारायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो, की हात ठणठणीत आहे हो, पण बायकोपुढे काय चालणार.

तर परवा त्या रिपोर्टसाठी दवाखान्यात गेलो. खोली आपल्या दुकानाएवढीच, पण भिंतींवर चहूबाजूंनी आठ कॅमेरे. फोटो काढणार असं ऐकून मी चांगला भांग पाडून गेलो होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही. तपासणीच्या बाईंनी (वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण पांढरा कोट घातला की बाईच म्हणायचं) माझा सदरा उतरवला आणि छातीपासून बोटांपर्यंत वाटाण्याएवढे चमकते गोळे चिकटवले. या कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही म्हणे, फक्त गोळे दिसतात, आणि त्यावरून हात किती आणि कसा हलतो ते कॉम्प्युटर मोजतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण बाई कशाला तरी बाहेर गेल्या आणि मी खाली मान घालून पाहिलं, तर खांद्याचा गोळा बाहीची शिवण येते त्या जागेपासून चांगला दोन बोटं आत. अशी बाही लागली असती तर गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकून गेलं असतं. मला राहवेना. डाव्या हाताने तो गोळा उचलून बरोबर शिवणीवर लावला, कोपराचा जरा वर घेतला आणि मनगटाचा कफाच्या रेषेत आणला. बाईंनी येऊन यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर जो माणूस उभा राहिला त्याचा कोपर भलत्याच जागी मोडत होता. त्यांनी वायरी तपासल्या, कोणाला तरी फोन केला, आणखी दोघं येऊन डोकं खाजवून गेले, तेव्हा कुठे मी कबूल झालो. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, काका, हे हाडाचं माप आहे, कापडाचं नाही.

मग खरी परीक्षा. समोरच्या टेबलावरचा पेला उचलून तोंडाशी न्यायचा. यात मी पटाईत आहे, घरी महिनाभर सराव केलाय. कमरेतून असा झोका द्यायचा की खांदा पुढे जातो आणि हात त्याच्या मागोमाग पेल्यापाशी पोचतो. हे बघून शेजारचे माझी पाठ थोपटून जातात. मी झोकात पेला उचलला आणि शाबासकीची वाट पाहू लागलो. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. नुसते ठिपके. छातीवरचा ठिपका पेल्याकडे धावत सुटलेला आणि कोपराची घडी जशीच्या तशी, उलगडलेलीच नाही. बाई म्हणाल्या, काका, हा पेला तुमच्या पाठीने उचलला. आयुष्यभर मी लोकांची पोटं कोटात लपवत आलो आणि मला या कॅमेऱ्यांनी उघडं पाडलं. मग त्यांनी मला पट्ट्याने खुर्चीच्या पाठीशी बांधलं आणि पुन्हा उचला म्हणाल्या. हात अर्ध्या वाटेवर जाऊन थांबला. पेला वीतभर लांब होता. ताई, मला रडू आलं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. त्यांनी पाणी दिलं, तेही डाव्या हाताने प्यालो.

रिपोर्टात लिहिलंय, आणखी तीन महिने व्यायाम, मग पुन्हा गोळे. हिने तो दोनदा वाचला आणि घडी करून ठेवून दिला. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा तिला दोन ओळी लिही, की रिपोर्ट राहू दे बाजूला, त्याची कात्री त्याला देऊन टाक.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा

ता. क. भाऊजींना पत्र वाचून दाखवताना रडण्याची ओळ गाळ.

आणखी एक ता. क. वर सांगितलंय ते तिला लिहू नकोस. कात्री मला गेल्या आठवड्यात गाद्यांच्या ढिगाखाली सापडली. घरात कोणी नव्हतं. एक जुनी चादर घेतली, बोटं कात्रीत अडकवली, पण ती मिटेना. दोन्ही हातांनी जोर लावला तर चादर नुसती पात्यांत चेपून बसली. होती तशी परत ठेवली. तेव्हा तू तिला असं लिही, की त्याने कितीही आदळआपट केली तरी तीन महिने कात्री बाहेर काढू नकोस. ती लपवलेली आहे तोवर दुकान तुझ्या भावजयीमुळे बंद आहे, ताई. ती हातात आली, की मग माझ्यामुळे.